चार्ज कोणाकडे आहे?

गेल्या दिवाळीत केंटनला एका ओळखीच्या घरी फराळाला गेले होते. हॅरोतल्या मराठी घरात असतो तसाच थाट: दारात चपलांचा ढीग, टेबलावर चकल्या, आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘तू नक्की काय करतेस?’ मी सांगितलं की ऑपरेशन चालू असताना मध्येच भूलतज्ज्ञ किंवा नर्स बदलतात, तेव्हा रुग्णाची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि त्यासाठी चेकलिस्टचा उपयोग होतो का, यावर माझं पोस्टडॉकचं काम चालू आहे.

शेजारी एक निवृत्त सर्जन काका बसले होते. ते हसले आणि म्हणाले, “यादी वाचून स्वयंपाक करणारी बाई आणि यादी वाचून ऑपरेशन करणारा सर्जन, दोघांच्या हातचं खाऊ नये.” सगळे हसले. मीही हसले. हातात चकली होती, काका वयाने मोठे होते, यजमानीणबाई चहा घेऊन येत होत्या. अशा वेळी वाद घालत नाहीत.

घरी येताना बसमध्ये मला स्वतःचाच राग आला. काकांचं म्हणणं चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं, त्यामागचे आकडे ठाऊक होते, आणि तरी मी गप्प बसले. ऑपरेशन थिएटरमध्ये माणसं मरतात ती बरेचदा याच गप्प बसण्यामुळे. म्हणून हे उत्तर, थोडं उशिरा, पण लेखी.

आधी माझं पाणी किती खोल आहे ते सांगते. मी डॉक्टर नाही. मी थिएटरच्या कोपऱ्यात वही घेऊन उभी राहते आणि कोण कोणाला काय सांगतं, काय सांगायचं राहतं, ते टिपते. पण या विषयाकडे मी आले ती शोधनिबंधांतून नाही, बाबांमुळे आले.

बाबांना दमा आहे, आणि डायक्लोफेनॅक घेतलं की त्यांचा श्वास कोंडतो. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका शहरात त्यांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी मी हॅरोहून फोनवर भूलतज्ज्ञ मॅडमशी बोलले. त्यांनी नीट ऐकलं, फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलं. ऑपरेशन सहा तास चाललं. मध्ये ड्यूटी बदलली, मॅडम गेल्या, दुसरे डॉक्टर आले. शेवटी वेदना कमी व्हावी म्हणून त्यांनी डायक्लोफेनॅक दिलं. बाबांची छाती आवळली, घशातली नळी काढता येईना, आणि ती सगळी रात्र ते व्हेंटिलेटरवर राहिले. मी इथे स्वयंपाकघराच्या जमिनीवर फोन घेऊन बसले होते. बाबा वाचले. सगळ्यांचे नसतात वाचत.

नंतर मी दोघांनाही विचारलं. मॅडम म्हणाल्या, “त्यांनी फाइल पाहिली असेल असं मला वाटलं.” डॉक्टर म्हणाले, “असं काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं असं मला वाटलं.” दोघंही हुशार, दोघंही अनुभवी, दोघंही प्रामाणिक. माहिती लिहिलेलीही होती. फक्त ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात गेली नाही.

आता काकांच्या स्वयंपाकाकडे येते. काकूंना आमटीला यादी लागत नाही हे मान्य. पण गॅसवर दूध ठेवून काकू बाहेर गेल्या आणि सून स्वयंपाकघरात आली, तर दूध ठेवलंय हे तिला कुणीतरी सांगावंच लागतं. सून कितीही सुगरण असली तरी. अनुभव ही एका माणसाची मालमत्ता असते, आणि चार्ज देणं हा दोन माणसांमधला व्यवहार असतो. चाळीस वर्षांचा अनुभव त्या व्यवहाराच्या एकाच बाजूला उभा असतो.

चेकलिस्ट म्हटलं की आपण मराठी माणसं अतुल गावंडे यांचं नाव अभिमानाने घेतो. घ्यायलाच हवं. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. टोरोंटो, लंडन, सिएटल, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातलं इफाकारा आणि नवी दिल्ली अशा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, मोठ्या गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. त्याच महिन्यात इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या एनएचएस रुग्णालयांना वर्षभरात, म्हणजे फेब्रुवारी २०१० पर्यंत, ही यादी लागू करायला सांगण्यात आलं.

त्या यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी, आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. आता सांगा, बाबांचे डॉक्टर बदलले ते यातल्या कोणत्या थांब्यावर? कोणत्याच नाही. ते बदलले दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मधल्या लांबलचक रस्त्यावर, जिथे पाटीच नाही. सकाळी सगळ्यांनी नावं सांगितली, ॲलर्जी वाचली, टिकमार्क झाले. दुपारी दोन वाजता ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांतले निम्मे घरी गेले होते. माझा पहिला मुद्दा हाच आहे. ऑपरेशन सुरू होताना आपण जेवढी काळजी घेतो, तेवढीच ते चालू असताना माणूस बदलला की घ्यायला हवी. तिथेही थांबा हवा, आणि त्या थांब्यासाठी स्वतंत्र छोटी यादी हवी.

यात फार काही लागत नाही. रुग्ण कोण आणि ऑपरेशन कसलं. जुने आजार, ॲलर्जी. श्वासनलिका सहज मिळाली की झटापट करावी लागली. कोणत्या शिरेत कोणती सुई. काय दिलं, कधी दिलं, आणि आता पुढचं काय द्यायची वेळ होत आली आहे. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये अँटिबायोटिकचा दुसरा डोस राहून जातो तो इथेच. रक्त किती गेलं, किती तयार आहे. सर्जन आता काय करायच्या बेतात आहेत. तुम्हाला कशाची काळजी वाटते आहे. मग येणाऱ्याने मुख्य गोष्टी आपल्या तोंडाने परत म्हणायच्या, आणि शेवटी खोलीला ऐकू जाईल असं सांगायचं: “आता चार्ज माझ्याकडे.” एवढंच. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ.

हे साहेबी खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना माझ्या आजोबांना भेटवायला हवं होतं. आजोबा दौंड-मनमाड लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनात स्टेशन मास्तर होते. तेव्हा तिथे एकेरी मार्ग होता. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात गाडी सोडायची तर यंत्रातून लोखंडी गोळा काढून ड्रायव्हरच्या हातात द्यावा लागे. पलीकडच्या मास्तराने संमती दिल्याशिवाय गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नसे. ज्याच्याकडे गोळा, त्याचा रस्ता. फोनवर निरोप द्यायचा झाला तर प्रायव्हेट नंबर नावाची भानगड असे. पलीकडचा एक आकडा सांगणार, अलीकडचा तो परत म्हणणार आणि वहीत लिहिणार. ‘बहुतेक तो हो म्हणाला’ याला रेल्वेत जागा नव्हती. ड्यूटी बदलताना डायरीत लिहून दोघांच्या सह्या होत. आजोबांनी तीस वर्षं रोज तेच केलं. तिसाव्या वर्षी कुणी त्यांना म्हटलं नाही की मास्तर, तुम्ही आता एवढे अनुभवी, गोळ्याशिवायच सोडा गाडी.

म्हणजे चार्ज कसा द्यायचा हे आपल्याला येत नाही असं नाही. मालगाडीसाठी येतं. भुलीखाली निजलेल्या माणसासाठी येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त असतो. ‘आमच्या वेळी डॉक्टर बदलतच नसत. ज्याने सुरू केलं त्यानेच संपवायचं. प्रश्नच मिटला.’ या म्हणण्याला वरवर पुरावाही आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ३,१३,०६६ मोठ्या शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१८ साली निष्कर्ष आला: जिथे भूलतज्ज्ञ मध्येच पूर्णपणे बदलला, तिथे मृत्यू, गंभीर गुंतागुंत किंवा पुन्हा भरती होणं यांपैकी काहीतरी ४४ टक्के रुग्णांत घडलं, आणि जिथे बदलला नाही तिथे २९ टक्क्यांत. अवघड ऑपरेशनं लांबतात आणि लांबलेल्यांत माणसं बदलतात, ही बाब हिशेबात धरूनही सात टक्क्यांच्या आसपास फरक उरलाच.

पण गोष्ट इथे संपत नाही. जर्मनीतल्या १२ केंद्रांनी थेट प्रयोग केला. १,८१७ रुग्णांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलं की कोणाचा भूलतज्ज्ञ बदलायचा आणि कोणाचा नाही. २०२२ साली निकाल आला: बदललेल्यांत ३० टक्के, न बदललेल्यांत ३३ टक्के. म्हणजे माणूस बदलणं हे मुळातच विष नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९८२ साली, बॉस्टनच्या संशोधकांनी भुलीच्या वेळच्या चुकांचा अभ्यास करताना एक मजेची गोष्ट नोंदवली होती. बदलीवर आलेल्याने आधीची चूक पकडल्याचे प्रसंग हे बदलीमुळे चूक घडल्याच्या प्रसंगांपेक्षा जास्त होते. ताज्या डोळ्यांना दिसतं. थकलेल्यांना दिसत नाही.

तेव्हा ‘आमच्या वेळी’ची फुशारकी जरा तपासून घ्या. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांची छत्तीस तासांची ड्यूटी ही शौर्यगाथा म्हणून सांगितली जाते. मला ती रुग्णाच्या बाजूने ऐकायला आवडेल. इथे २००९ पासून कनिष्ठ डॉक्टरांचा आठवडा सरासरी ४८ तासांवर आणला गेला. तास कमी झाले, तसे चार्ज देण्याघेण्याचे प्रसंग वाढले. हा सौदा चांगला आहे, पण त्याची दुसरी बाजू पाळली तरच. माणसाला झोपायला घरी पाठवा, पण त्याच्या डोक्यातलं सामान थिएटरमध्ये उतरवून मग पाठवा.

तिसरा आक्षेप मात्र मी मान डोलावून ऐकते: ‘चेकलिस्ट म्हणजे नुसते टिकमार्क.’ बरोबर आहे, बरेचदा तसंच असतं. इंग्लंडमधल्या पाच रुग्णालयांत लंडनच्या संशोधकांनी शेकडो शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्या. छेदाआधीच्या थांब्याला चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा कुणी ना कुणी हजर नव्हतं, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक वेळा लोक हातातलं काम थांबवून ऐकतच नव्हते. कागदावर बघाल तर सगळे चौकोन भरलेले. ओंटारिओने १०१ रुग्णालयांत यादी सक्तीने आणली. मृत्यूचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्क्यांवर आलं, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक नाहीच म्हणावा असा. स्कॉटलंडने मात्र तीच यादी राष्ट्रीय सुरक्षा कार्यक्रमाचा भाग म्हणून, माणसांना शिकवत, मुरवत आणली. तिथे २००० ते २०१४ या काळात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण ०.७६ वरून ०.४६ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय यादीचं असेल असं मी म्हणणार नाही, इतर सुधारणाही चालू होत्या. पण एकाच कागदाची दोन ठिकाणी दोन नशिबं झाली, हे खरं आहे.

म्हणून माझं भांडण काकांपेक्षा त्या व्यवस्थापकांशी जास्त आहे, जे यादी छापून भिंतीवर लावतात, महिन्याच्या शेवटी शंभर टक्के असा आकडा वर पाठवतात आणि सुरक्षितता आली असं समजतात. सत्यनारायणाची पोथी वाचणारा एकीकडे आणि बाकीचे प्रसादाच्या वाटेकडे डोळे लावून, तशी ही यादी वाचली जाते. यादीमागे शिकवणं लागतं, कुणीतरी उभं राहून बघणं लागतं, चुकलं तर सांगणं लागतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांनी वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हँडओव्हरसाठी नेमकं हेच केलं: ठरलेला क्रम, त्याचं प्रशिक्षण, वरिष्ठांची देखरेख. २०१४ साली छापलेल्या निकालात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आपल्या लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयातले हृदयशल्यचिकित्सेचे डॉक्टर तर फॉर्म्युला वनच्या शर्यतीतला पिटस्टॉप बघून फेरारीच्या लोकांकडे शिकायला गेले. थिएटरमधून अतिदक्षता विभागात बाळ हलवताना सगळे एकदम बोलत, आणि सूत्रं कुणाच्या हातात आहेत हेच कळत नसे. त्यांनी ते ठरवून टाकलं: हलवाहलवीची सूत्रं भूलतज्ज्ञाकडे, आणि माहिती देऊन झाली की ती अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरकडे. २००७ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सांगायच्या राहिलेल्या गोष्टी जवळजवळ निम्म्या झाल्या होत्या, आणि वेळही वाढला नव्हता, उलट थोडा कमीच लागत होता.

आता जे सांगणार आहे ते थोडं झोंबेल. यादीतल्या सगळ्या मुद्द्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो औषधांचा नाही. छेदाआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, तो. ज्याने एकदा खोलीत तोंड उघडलं, तो दुसऱ्यांदा उघडण्याची शक्यता वाढते. २००५ साली इंग्लंडमध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेलेल्या एका तरुण आईचा श्वासमार्ग बंद झाला. खोलीत अनेक वर्षांच्या अनुभवाचे डॉक्टर होते आणि ते नळी घालायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद देण्याचं साहित्य आणून तयार असल्याचं सांगितलंही. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. ती आई वाचली नाही. तिचे पती मार्टिन ब्रोमिली हे वैमानिक. त्यांनी कुणाला तुरुंगात धाडा असं म्हटलं नाही. माझ्या व्यवसायात हे कसं टाळतो ते तुम्हाला दाखवतो, असं ते म्हणाले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी या कामात घातलं.

हे इंग्लंडमधलं, जिथे नर्स सर्जनला नावाने हाक मारू शकते. आपल्याकडे ‘सर’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही, आणि सरांनी एकदा मान हलवली की वाक्य संपतं. मी दोन्हीकडची थिएटरं पाहिली आहेत. चार्ज घेणारा कनिष्ठ असेल तर तो प्रश्न विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे शंका घेणं. देणारा कनिष्ठ असेल तर तो आपली काळजी सांगत नाही, कारण सांगणं म्हणजे आपली कमजोरी उघड करणं. यादी या दोघांनाही एक आडोसा देते. ‘मी विचारत नाही सर, यादीतच आहे.’ मान राखून प्रश्न विचारायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. मोठ्यांसमोर चकली हातात धरून गप्प बसणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती जास्तच हवी.

तेव्हा वाचकहो, माझं मागणं दोन प्रकारच्या लोकांकडे आहे.

तुम्ही डॉक्टर किंवा नर्स असाल, इथे वा तिकडे, तर पुढच्या वेळी ऑपरेशनच्या मध्यात चार्ज देताना रेडिओ बंद करा, सर्जनला विचारून शांत क्षण निवडा, यादी समोर धरा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. तुम्ही वरिष्ठ असाल तर पहिला प्रश्न मागून घ्या: ‘माझं काही राहिलं का?’ तुमच्या तोंडून हे एकदा आलं की खालच्या दहा जणांची जीभ सुटते.

आणि तुम्ही माझ्यासारखे असाल, म्हणजे आईबाबा तिकडे आणि फोन इथे, तर फाइलवर लाल पेनाने लिहून घेऊन समाधान मानू नका. मी मानलं होतं. ऑपरेशनच्या आधी नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा: “मध्येच डॉक्टर बदलले तर हे त्यांना कोण सांगणार, आणि कसं?” समोरचा चिडेल कदाचित. चिडू द्या. त्या प्रश्नामुळे कुणाच्या तरी डोक्यात नोंद होईल. ‘आपण कोण विचारणारे’ असं वाटेल, तेव्हा आठवा की त्या खोलीत सहा तासांत सगळे बदलू शकतात, रुग्ण तेवढा बदलत नाही, आणि नेमका तोच बोलू शकत नाही.

काकांना हा लेख पाठवणार आहे. त्यांच्या हातांबद्दल मला शंका नाही, त्या हातांनी किती माणसं वाचवली असतील याची मोजदाद मला करता येणार नाही. पण पुढच्या दिवाळीला ते पुन्हा स्वयंपाकाचा दाखला द्यायला लागले, तर मी आधी चकली खाली ठेवीन.